धुऱ्यावरच्या दगडाची परीक्षा

शाळेत मी भांडायला गेलो होतो, हे आधीच नमूद करतो. खिशात अर्जाच्या तीन प्रती होत्या. एक मुख्याध्यापकांसाठी, एक वरिष्ठ कार्यालयासाठी आणि एक, नेहमीप्रमाणे, माझ्या संग्रही. विषय होता, 'शेताच्या हद्दखुणेची मोडतोड करून तिचा तुकडा शाळेत नेल्याबाबत.' जमीन महसूल संहितेत हद्दीच्या खुणेला इजा पोचवणे हा दंडनीय प्रकार आहे, हे मी अर्जात दोनदा लिहिले होते आणि दोन्हीकडे खाली रेघ ओढली होती.

दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून मी सारी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर जानेफळजवळच्या आमच्या गावी परतलो. तेव्हापासून मी लिहीत आलो आहे. थांब्यावर न थांबणाऱ्या एस.टी.विषयी लिहिले, गळक्या टाकीविषयी लिहिले, भरदुपारी जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांविषयी लिहिले. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र लिहिले. गाव मला तोंडावर आबा म्हणते आणि पाठीमागे अर्जवाले आबा. त्याचा मला राग नव्हता. मला राग होता तो नियम ठाऊक असून न पाळणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक, नियम ठाऊक करून न घेणाऱ्यांचा.

ज्या दगडासाठी मी शाळेत गेलो तो आमच्या धुऱ्यावर उभा होता. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्याच्या अलीकडे माझे शेत, पलीकडे माझ्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नीचे, म्हणजे वहिनींचे. दोन्ही शेते एकाच आजोबांची. धुऱ्याच्या टोकाला विहीर, आणि विहिरीच्या थोडे पलीकडे, वहिनींच्या बाजूला, शेंदूर माखलेला तो दगड. दगडाच्या जागेवरून हद्द धरली तर विहीर सगळी माझ्याकडे येत होती. तरीही वहिनी तिचे पाणी घेत आल्या होत्या आणि कोणी काही म्हणत नव्हते. वांगी, मेथी, कोथिंबीर काढून आठवडी बाजारात नेणे यावर त्यांचे घर चालते, आणि तो भाजीपाला त्या पाण्यावर.

मग एका वर्षी त्यांनी मला न विचारता विहिरीत नवी मोटर सोडली. मी जाऊन म्हणालो, "विचारायला हवे होते." त्या वाफ्यात वाकलेल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं खांदलेल्या इहिरीवर कोनाले इचारू, भाऊजी?"

एवढ्यावरून मी दावा लावला. 'कोनाले इचारू' या दोन शब्दांवरून. प्रतिज्ञापत्रात लिहिले की, सदर दगड जुन्या मोजणीचा मूळ हद्ददगड असून, गावातील सर्व हद्ददगडांप्रमाणे एकाच खाणीच्या काळ्या पाषाणाचा आहे, आणि तो माझ्या वडिलांच्या हयातीपासून त्याच जागी आहे. मोजणीदार येऊन जागेची मोजणी करणार होता. तोवर मोटरचे बटण ज्या खोपडीत होते तिला मी कुलूप घातले. खोपडी माझी, म्हणून कुलूप कायदेशीर. वहिनींची वांगी माना टाकू लागली होती, ते मला दिसत होते. मी ते पाहत होतो आणि मोजणीची तारीख मागत होतो.

अशा वेळी एका सकाळी दगडाचा कोपरा फुटलेला दिसला. भोवती शेंदराच्या ढलप्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी शाळेतली मुले दगड गोळा करत शिवारात फिरत होती, असे कळले. मी निष्कर्ष काढला आणि अर्ज लिहिला.

आठवीचा वर्ग व्हऱ्हांड्यात बसला होता. मध्ये सतरंजीवर दगडांचे ढीग, आणि त्यांच्याभोवती मुले गुडघ्यांवर. विज्ञानाच्या मॅडम तरुण, बाहेरगावच्या.

"कोणाच्या परवानगीने माझ्या हद्दीचा दगड फोडला?" मी उभ्याउभ्याच विचारले.

मॅडमनी तोंड उघडण्याआधी एक मुलगा बोलला, "आमी नाई फोडला, आबा. रोटावेटर लागलं त्याले."

"कोणाचे रोटावेटर?"

"तुमचंच."

सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणाले, "आता रोटावेटरवर अर्ज करा, आबा," आणि हसू पुन्हा फुटले. मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केले आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. आदल्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर मीच बोलावला होता, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती. पण मी इतक्यात हार मानणारा नव्हतो.

"तरी तुकडा माझ्या मालकीचा आहे. तो परत पाहिजे."

"देऊ ना, आबा," मॅडम म्हणाल्या. "एवढी परीक्षा होऊ द्या. त्यानंच तर ओळखायला मजा आणली आहे."

मी बसलो. खरे सांगायचे तर त्या खुर्चीवर बसण्यात मला एक समाधान होते. न्यायालयात मी नेहमी खालच्या टेबलाशी बसत आलो. इथे माझी खुर्ची उंच होती आणि सगळे खाली.

त्यांची रीत साधी होती. आधी लोखंडी खिळ्याने दगड ओरबाडायचा. ओरखडा दगडावर पडला तर दगड मऊ. उलट खिळाच झिजून दगडावर चकाकती रेघ उमटली तर दगड कठीण. मग तो दगड काचेवर ओढायचा. मग भिंतीच्या टाइलच्या खरबरीत पाठीवर घासून रेघेचा रंग पाहायचा. मग दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक जवळ नेऊन ते हलते का ते बघायचे. शेवटी मॅडम स्वतः छोट्या बाटलीतून सौम्य आम्लाचा एक थेंब सोडत आणि सगळी डोकी त्या थेंबावर वाकत.

"वरच्या रंगावर जायचं नाही," मॅडम सांगत होत्या. "वरचा रंग ऊन-पाण्याने बदलतो. रेघेचा रंग बदलत नाही."

हे वाक्य मला आवडले. साक्षीदाराच्या कपड्यांवर जाऊ नये, उलटतपासणीत तो काय म्हणतो ते पाहावे, तसेच हे होते. माझा राग नकळत उतरू लागला. एका मुलीने घरून पापडखार आणला होता, त्यावर थेंब पडताच तो भसभसून फसफसला, तेव्हा ती ओरडली, "मॅडम, आजीचे पापड उकळून राह्यले!" आणि मीही हसलो. पूर्वी आमच्याकडे हा खार लोणारच्या तळ्यावरून येई, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मला कोणी ऐकून घेतले की मी पुढे बोलतो. त्या दिवशीही बोललो.

"मॅडम, तुमच्या पद्धतीत एक दोष आहे," मी म्हणालो. "कोणता दगड कुठून आणला हे मुलांना आधीच माहीत आहे. नाल्यातला म्हटल्यावर त्यांना त्यात नाल्यातलेच गुण दिसणार. ही परीक्षा न्यायालयात टिकणार नाही."

मॅडमना ते पटले. मग मी उठून सारी व्यवस्था माझ्या हाती घेतली. प्रत्येक दगडाच्या आतल्या भागाचा एक लहान तुकडा कागदाच्या पुडीत बांधायला लावला. चिठ्ठीवर दगड कुठला ते लिहून चिठ्ठी दुमडायची, पुडी आणि चिठ्ठी यांना एकच क्रमांक द्यायचा, आणि चिठ्ठ्या माझ्यापाशी जमा करायच्या. ज्याने दगड आणला त्याने तो तपासायचा नाही. मुलांना हा खेळ फार आवडला. एक जण म्हणाला, "आबा, आमी आता पंच काय?" मी म्हणालो, "पंच नव्हे, तज्ज्ञ साक्षीदार." तो शब्द त्यांनी लगेच उचलला आणि एकमेकांना 'ए तज्ज्ञ, खिळा दे बे' म्हणू लागले. माझ्या आयुष्यात मी आखलेली कोणतीही व्यवस्था इतक्या आनंदाने कोणी पाळली नव्हती.

त्या मुलांत वहिनींची नात होती. दावा लागल्यापासून त्या घरातले कोणी माझ्याशी बोलत नसे, पण ती अधूनमधून माझ्याकडे बघत होती. तिच्या गटाने सगळ्यांत काळजीने काम केले. सर्व पुड्या तपासून झाल्यावर तीच उभी राहिली.

"मॅडम, दोन नंबर अन् नऊ नंबर एकच दगड हाय."

"एकच म्हणजे?"

"म्हंजे एकाच जागचा. दोन्हीत बदामासारखे पांढरे दाने हायेत. दान्याले खिळ्यानं ओरखडा पडते, थेंब टाकला का फसफसते. दान्याभोवती हिरवी कड हाय, ते दोन्हीत हाय. बाकीचा दगड राखट, जरासा लालसर. चार नंबर तसा नाई. चार नंबर काया रंगाचा, भरीव, त्यात दानाच नाई. थेंब टाकला तं नुसता ओला होते."

"नाल्यात पडलेला असेल नऊ नंबर?" मॅडमनी विचारले.

"नाई मॅडम. नाल्यातल्याचे दाने धुऊन जातात, नुसती भोकं राह्यतात. तीन नंबर पाहा, त्याले भोकंच हायेत. नऊ नंबरचे दाने भरेल हायेत. हा जमिनीच्या आतूनच काहाडला असन."

मॅडमनी स्वतः दोन्ही तुकडे हाती घेतले, भिंगातून पाहिले, पुन्हा थेंब टाकला. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आबा, चिठ्ठ्या वाचा. निकाल तुम्हीच द्या."

मी चष्मा लावला आणि भारदस्त आवाजात वाचू लागलो. एक नंबर, मुरमाची खदान. बरोबर ओळखला म्हणून टाळ्या. दोन नंबर, 'आबांच्या विहिरीच्या काठचा ढीग', म्हणजे विहीर खणताना निघालेला दगड. तीन नंबर नाल्यातला. चार नंबर, रस्ता रुंद करताना निघालेला जुन्या मोजणीचा हद्ददगड. मी वाचत गेलो, टाळ्या होत गेल्या. मग नववी चिठ्ठी उलगडली.

तिच्यावर लिहिले होते, 'धुऱ्यावरच्या शेंदराच्या दगडाचा तुकडा.'

मी ते वाचले, पण मोठ्याने नाही.

मुले वाट पाहत होती. मला वाटते, मी चष्मा काढून पुसला. वहिनींच्या नातीने पुढे येऊन माझ्या हातातली चिठ्ठी वाचली आणि वर्गाला सांगितली. पुन्हा टाळ्या. "म्हंजे धुऱ्यावरचा दगड आपल्या इहिरीतला!" ती हसत म्हणाली. तिच्या दृष्टीने एक कोडे सुटले होते, बस. त्या व्हऱ्हांड्यात तिच्यासकट कोणालाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. जुनी मोजणी झाली तेव्हा विहीर नव्हती. विहीर माझ्या तरुणपणी खणली गेली. जो दगड विहिरीच्या पोटातून निघाला तो त्यापूर्वीच्या मोजणीत हद्दीवर उभा असणे शक्य नाही. आणि 'सर्व हद्ददगड एकाच खाणीच्या काळ्या पाषाणाचे' हे विधान विरुद्ध पक्षाचे नव्हते. माझे होते, शपथेवर. परीक्षेची पद्धतही माझी होती. आक्षेप घ्यायला मी कुठे फट ठेवली नव्हती.

"आबा, तुमचा काही अर्ज होता ना?" मॅडमनी निघताना विचारले.

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

त्यांनी पुडी क्रमांक नऊ माझ्या हातात ठेवली. मी परत मागितली होती ना.

घरी न जाता मी शेतात गेलो. रस्ताभर माझे डोके बचाव रचत होते, कारण त्याला दुसरे काही येत नाही. तसला दगड आणखी कोठल्या विहिरीतून आला असेल. मुलांनी पुड्या बदलल्या असतील. धुऱ्याशी पोचलो, खोपडीतल्या विळ्याने दगडाच्या बुडाशी माती उकरली आणि शेंदराचे जुने थर खरवडले. जे अंग मातीत होते त्यावर हात फिरवला तेव्हा बोटे एका खाचेत गेली. सरळ, गोल पोटाची, पहारीच्या जाडीची अर्धी नळी. सुरुंगाचा बार भरण्यासाठी पाडलेले भोक, स्फोटात उभे चिरलेले. त्या शिवारात सुरुंग लावून खणलेली विहीर एकच आहे.

तो बार मला आठवतो. सुटीत मी घरी आलेलो होतो. मजूर पहारीने भोक पाडीत, दारू ठासत, मग सगळे ओरडत पळत आणि विहिरीतून पांढरा धूर वर येई. काका आणि बाबा दोघे मिळून ती विहीर खणत होते, दोघेही खांद्यापर्यंत धुळीने माखलेले. निघालेला सगळा दगड धुऱ्याच्या टोकावर टाकला जाई. जुना हद्ददगड त्याच्याखाली गाडला गेला असणार. मग एका सकाळी बाबांनी नवा दगड रोवला, विहिरीच्या पलीकडे, काकांच्या शेतात दोन तास आत, म्हणजे नांगराचे दोन फेरे. आईने नैवेद्य आणला. बाबांनी तेलात कालवलेला शेंदूर दगडाला स्वतःच्या हाताने फासला आणि काकांना बोलावून म्हणाले, "पाहून घे. देव जागेवर बसवला." काकांनी हात जोडले. मी नारळ फोडला. ढिगाखालचा जुनाच दगड काढून पुन्हा जागेवर बसवला, असे मी तेव्हापासून धरून चाललो होतो.

आमच्याकडे एकदा शेंदूर लागला की तो दगड राहत नाही. त्याला कोणी हलवत नाही, त्याच्यापाशी कोणी टेप घेऊन जात नाही आणि तो कोणत्या जातीचा दगड आहे हे कोणी पाहत नाही. बाबांना हे ठाऊक होते. दरवर्षी पेरणीच्या आधी दोन्ही घरांनी त्यावर नवा थर चढवला. ज्या माणसाने मला शिकवले की बोलण्यापेक्षा पुरावा पाहावा, त्याने स्वतःच्या भावाला पुरावा दिसू नये अशी तजवीज केली होती. मी त्या दगडाशी ऊन उतरेपर्यंत उकिडवा बसून राहिलो. बाबांची लाज वाटत होती, आणि बाबांची लाज वाटते याचीही.

यापुढे जे मी केले ते सांगणे बाबांविषयी सांगण्यापेक्षा कठीण आहे.

मी दावा मागे घेतला. कारण लिहिले, 'कौटुंबिक सलोख्यास्तव.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता, इतक्या कौशल्याने मी ते वाक्य बांधले होते. मोजणीचा अर्ज मात्र राहू दिला; खरी हद्द यंत्राने दाखवली की बाबांचे नाव मला घ्यावे लागणार नव्हते. हद्द एकदाची ठरून जावी, असे लोकांना सांगितले. वहिनींना निरोप पाठवला की पाणी घ्या. खोपडीचे कुलूप मी काढले नाही. रोज सकाळी त्यांची नात शाळेत जाण्याआधी चावी न्यायला येई आणि पाणी देऊन झाले की परत करी.

गावाने मला डोक्यावर घेतले. गावाच्या व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या हातांची आणि फुलांची चित्रे आली. 'मन असावे तर आबांसारखे' असे कोणी लिहिले. चहाच्या टपरीवर, जिथे मला पाहून लोक उठून जात, तिथे आता मला बसायला जागा होऊ लागली. एका म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटले, "तुह्या बापाचं नाव राखलं गड्या." मी चहा अर्धा टाकून उठलो. माझ्या इतक्या वर्षांच्या खऱ्या तक्रारींना ज्या गावाने एक ओळीचे उत्तर दिले नाही, त्याने माझ्या या एका लबाडीची पोच हात जोडून दिली.

आणि वहिनींनी वांगी पाठवली. पहिल्याच तोडणीची, देठ हिरवे, पिशवी जड. सोबत मेथीच्या दोन जुड्या. नात म्हणाली, "आजीनं सांगतलं, आबाले भाजी दे म्हनून. पानी देऊन राह्यले आपल्याले."

तिच्याच अर्ध्या विहिरीचे पाणी मी तिला देऊन राहिलो होतो. भाजी केली. खाता आली नाही.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी वहिनी स्वतः आल्या. किती वर्षांनी त्यांनी माझा उंबरा ओलांडला. हातात ताट होते, त्यात शेंदराची वाटी, तेल, नारळ.

"चाला, भाऊजी. उद्या मोजनीवाला येते. देवाचा कोपरा फुटेल हाय, बरं दिसत नाई. शेंदूर लावून घेऊ दोघं मिळून. नारळ तुमच्या हातानं."

मी त्यांच्या मागे गेलो. 'नाही' म्हणता आले असते, पण कारण द्यावे लागले असते. वहिनी दगडासमोर बसल्या, पदर सारखा केला, वाटीत तेल ओतून शेंदूर कालवला. मी माती उकरलेली जागा त्यांना दिसली, पण कुत्र्याने उकरली असे समजून त्यांनी ती हाताने सारखी केली. मग बोटभर शेंदूर घेऊन फुटक्या कोपऱ्याकडे हात नेला, जिथे पांढरे दाणे उघडे पडले होते.

"वहिनी, थांबा," मी म्हणालो. "लावू नका."

"काऊन?"

"हा हद्दीचा दगड नाही."

मी सांगू लागलो तेव्हा माझी भाषा न्यायालयाचीच होती. 'मूळ खूण', 'कालक्रम', 'विसंगती'. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, मले समजन असं सांगा."

मग सांगितले. "हा इहिरीतला दगड हाय, वहिनी. बाबानं इथं आनून रोवला. तुमच्या वावरात. काकाले फसवलं. इहीर अर्धी तुमची हाय."

त्यांचा हात तसाच हवेत होता, बोटांवर शेंदूर.

"तुमाले कव्हापासून माहीत हाय?"

"दावा मागं घेतला त्याच्या आधीपासून."

"अन् मी वांगे पाठवले."

त्यांनी हात खाली घेतला.

"रोज पोरीले चावी मांगाले पाठवली तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "हात जोडून घे म्हने मी तिले. आबा मोठे हायेत म्हने." त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपे गेले असते. रागाशी कसे वागायचे ते मला येते. "अन् ह्या दगडाले मी काय काय मांगतलं, भाऊजी. पोराच्या बापाची तब्येत मांगतली. तुमचा दावा सुटू दे म्हनून मांगतलं. माह्या सासऱ्याच्या छातीवर रोवेल गोट्याले मी दरसाली नारळ फोडून राह्यली होती."

त्यांनी बोटांवरचा शेंदूर धुऱ्याच्या गवताला पुसला. वाटीतला उरलेला तसाच झाकला. नारळ ताटात ठेवला आणि उठल्या.

"हे उद्या चारचौघात सांगान?"

"सांगेन."

"बापाचं नाव घेऊन?"

 

"घेऊन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार यंत्र घेऊन आला. धुऱ्यावर गाव जमले होते. सलोखा पाहायला आले होते. पंचांच्या सह्या घेण्याआधी मी पुढे झालो आणि सांगितले की, हा दगड मूळ हद्दीचा नाही, तो माझ्या वडिलांनी विहीर खणल्यावर चुलत्याच्या शेतात रोवला, माझे प्रतिज्ञापत्र चुकीचे होते, आणि सलोख्याचे कारण देऊन मी खरे कारण लपवले. वडिलांचे नाव मी पूर्ण उच्चारले. न्यायालयात आरोपीचे पुकारतात तसे.

मोजणीदाराने घाम पुसला. "ठीक आहे, आजोबा. यंत्र दाखवेल ते आम्ही लिहू. जरा बाजूला व्हा, रेषेत येता तुम्ही."

मी बाजूला झालो. टपरीवरचा म्हातारा माझ्याकडे न पाहता तंबाखू मळत होता. मागून कोणी हळूच म्हणाले, "बापाले बी सोडलं नाई बे ह्यानं. त्याच्यावर बी अर्ज." कोणीतरी हसले. मी वळून पाहिले नाही. एरवी मी नाव विचारून लिहून घेतले असते.

यंत्राने दाखवलेली हद्दीची खूण विहिरीच्या काठच्या ढिगात पडली, जिथे जुना दगड गाडलेला असावा. तिथे लोखंडी खुंटी ठोकून तिला चुन्याचा पट्टा ओढला. विहीर दोघांत आली.

वहिनींनी नारळ आणला होता, पण त्या दगडाकडे गेल्या नाहीत. विहिरीच्या काठावर त्यांनी तो फोडला, पाणी आत सोडले आणि खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटत आल्या. मोजणीदाराला दिले, पंचांना दिले, टपरीवरच्या म्हाताऱ्याला दिले. मला वाटले, मला टाळतील. तसे झाले असते तर बरे वाटले असते. त्यांनी माझ्याही तळहातावर तुकडा ठेवला, माझ्याकडे न बघता.

लोक पांगल्यावर मी खिशातून चावी काढून त्यांच्यापुढे धरली.

"चावी नोको मले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कुलूप काहाडा."

मी खोपडीकडे गेलो. वहिनींची नात माझ्याआधीच पोचून बटणाशी उभी होती. कुलूप जुने, उन्हाने तापलेले; चावी दोनदा अडली. मी ते काढले, कोयंडा मोकळा केला आणि बाजूला झालो. तिने बटण दाबले. पलीकडच्या पाटात पाणी खळाळत गेल्याचा आवाज आला. मी हातातल्या कुलपाचे काय करावे ते न सुचून उभा राहिलो, आणि मग ते खिशात घातले, जिथे पुडी क्रमांक नऊ अजून होती.